जर्मन की विलायती

दिसायला विलायतीच देखणी होती. आता हे सांगायला हरकत नाही, कारण आता ती जर्मनही राहिली नाही आणि तिच्याविरुद्ध चकार शब्द काढला की जेवण सोडणारे आमचे अण्णाही राहिले नाहीत. विलायती बंदुकीचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, गडद, आणि हात जिथं बसतो तिथं बारीक जाळी कोरलेली. लोखंडाला निळसर काळा रंग होता, तिरप्या उन्हात धरलं की मोराच्या गळ्यासारखी झाक यायची. अण्णांची जर्मन पिवळट लाकडाची, सडपातळ, लांब नळीची. अंगात मांस नाही पण उंची आहे अशी. आता नेम कुणाचा चांगला, हा वेगळा विषय. त्यात मी शिरले तर मीही त्या दोघांच्याच पंगतीला जाऊन बसेन.

दोघं म्हणजे आमचे वडील आणि गिरदावरसाहेब. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते जळकोटच्या शाळेत हेडमास्तर होते. गिरदावरसाहेब हे निजामाच्या अमदानीत महसूल खात्यात गिरदावर होते, गावोगाव घोड्यावरून फिरून पिकं-पाणी, बांध-बंदिस्ती बघायचे. निजामी गेली, घोडा गेला, नोकरीतूनही ते मोकळे झाले, पण गावानं त्यांचा हुद्दा काही काढून घेतला नाही. पोलीस ॲक्शननंतर त्यांचे भाऊबंद हैदराबादला निघून गेले. हे राहिले. बेगम गेल्या त्याच्या आधीच, आणि त्यांची कबर इथंच, गावाच्या कडेला होती. त्या कबरीशेजारी सीताफळीची दोन झाडं त्यांनी लावली होती आणि रोज सकाळी स्वतः पाणी घालायचे. राहण्याचं कारण कुणी विचारलं की ते म्हणायचे, "झाडांना पाणी कोण घालील?"

आमचं घर सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून, मोटार थांब्याच्या पलीकडं. पुढं दगडी ओटा. शाळा सुटली, अण्णांचा चहा झाला, की गिरदावरसाहेब शेरवानीची वरची गुंडी लावत रस्ता ओलांडून यायचे. खांद्यावर विलायती. अण्णा आतून जर्मन घेऊन यायचे. दोघं ओट्यावर समोरासमोर बसायचे, बंदुका मांडीवर आडव्या. अनोळखी माणसानं मोटारीतून पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, या गावात आज कुणाचा तरी मुडदा पडणार.

पडायचं काहीच नाही. छऱ्याच्या बंदुका त्या. त्यांत दारू नसते, वारा असतो. आत एक जाड स्प्रिंग, तिच्या पुढं चामड्याच्या वॉशरचा दट्ट्या. स्प्रिंग दाबून अडकवायची, घोडा ओढला की ती सुटते, दट्ट्या हवा रेटतो आणि हवा छऱ्याला. छरे बारीक, कंबरेत आवळलेले, डमरूच्या आकाराचे. कणसावरची पाखरं उडवावीत, पेरूवरचे राघू हाकलावेत, एवढीच त्यांची मर्दुमकी. आणि खरं सांगायचं तर राघूंनाही ते ठाऊक होतं.

पण वाद काय घालायचे! जर्मनची नळी मधोमध मोडायची. खाली वाकवली की स्प्रिंग ताणली जायची, उघड्या तोंडात छर्रा ठेवायचा, नळी परत सरळ, झालं. विलायतीची नळी जागची हलायची नाही. तिच्या पोटाखाली एक दांडी होती, ती ओढून स्प्रिंग ताणायची. आणि छर्रा ठेवायला नळीच्या मुळाशी एक छोटीशी तोटी, पाण्याच्या नळाला असते तशी. तोटी उभी फिरवली की भोक दिसायचं, त्यात छर्रा टाकायचा, तोटी आडवी केली की बंद.

"मोडकी नळी ती मोडकीच," गिरदावरसाहेब सुरुवात करायचे. "रोज वाकवता, रोज सरळ करता. सांधा कधीतरी ढिला होईल की न्हाय? मग निशाणा कुठं आणि छर्रा कुठं."

"तुमच्या तोटीतनं निम्मी हवा बाहेर जाते त्याचं काय?" अण्णा म्हणायचे. "आणि वजन! बंदूक आहे का मुसळ? दोन बार काढले की हात भरून येतो."

"मर्दाचा हात न्हाय भरत."

"मास्तरांचा हात मर्दाचा नसतो का?"

"खडू धरून धरून हलका होतो, मास्तरसाब. मैं क्या बोलूँ."

मग अण्णा चष्मा काढून पुसायचे. चष्मा पुसला म्हणजे अण्णा आता इतिहास काढणार. विलायती ही पूर्वी या रस्त्याच्या कामावर आलेल्या कुणा गोऱ्या इंजिनिअरची. त्यानं जाताना ती गिरदावरसाहेबांना बक्षीस दिली होती. अण्णांनी आपली जर्मन सोलापूरच्या जुन्या बाजारात घासाघीस करून आणली होती. "फुकट मिळालेल्या वस्तूची माणसाला पारख नसते," असं अण्णा म्हणायचे. "आणि जुन्या बाजारातल्या वस्तूचे गुण विकणारा सांगत न्हाय," असं साहेब. आई आतून ओरडायची, की तुमचं झालं असलं तर कुणीतरी दळण आणा. कुणीच उठायचं नाही. शेवटी मी उठायचे.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसले होते. स्थळं बघणं चालू होतं. त्या दोघांनी मला पंच नेमलं होतं, म्हणजे पणत्या टांगायचं काम दिलं होतं. मागच्या अंगणात कडुनिंबाच्या फांदीला सुतळीनं मातीची पणती टांगायची, मागं पांढऱ्या मातीची जाड भिंत होती. दोघं एकेक बार टाकायचे, आणि मग मी, दोन्ही बंदुकांनी. बढाई नाही मारत, पण दोघांपेक्षा माझ्याच पणत्या जास्त फुटायच्या. बघायला येणाऱ्या पाहुण्यांना हे कळू नये म्हणून आई फुटक्या खापऱ्या आधी झाडून घ्यायची. कोणत्या बंदुकीनं जास्त फुटतात हे मात्र मी कधी सांगितलं नाही. जर्मन म्हणाले तर चाचांचा चेहरा उतरेल आणि विलायती म्हणाले तर अण्णा जेवणार नाहीत. गिरदावरसाहेबांना मी चाचा म्हणायचे. मी आपली, "आज वारा होता," एवढंच म्हणून सुटायचे. दोघंही चिडायचे.

एक गोष्ट मला लवकर कळली होती आणि ती आईनंच सांगितली होती. अण्णांना गावात बोलायला माणूस नव्हता. नमस्कार करणारे पुष्कळ होते, ऐकून घेणारे पुष्कळ होते. मास्तर म्हणतील ते खरं. पण उलट बोलणारं एकच माणूस होतं. आणि त्या माणसाचा मुलगा हैदराबादला नोकरीत होता, तो सुट्टीत आला की म्हणायचा, "अब्बा, आता चला." एरवी हैदराबादच्या गाडीच्या कंडक्टरकडं निरोप ठेवायचा. गाडी थांबली आणि कंडक्टर खाली उतरून साहेबांच्या घराकडं वळला की ओट्यावर बसलेल्या अण्णांचं पेपरातलं लक्ष उडायचं. साहेब यायचे, बसायचे, आणि अण्णा घाईघाईनं म्हणायचे, "काल तुम्ही माशीबद्दल काय म्हणत होता?" माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खिळा. साहेब सुरू व्हायचे आणि हैदराबादचा विषय त्या दिवसापुरता टळायचा. अण्णा वाद जिंकण्यासाठी घालत नव्हते. ते त्या माणसाला बांधून ठेवत होते. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा, की एवढं आहे तर सरळ सांगा ना, जाऊ नका म्हणून. पण अण्णांच्या तोंडून असलं काही निघायचं नाही. आईला माहेरी सोडतानासुद्धा ते फक्त छत्री घेतलीस का विचारायचे.

नवरात्र आलं की खंडेनवमीला हत्यारांची पूजा. आमच्याकडं हत्यारं कसली, विळी, कोयता, आईचं शिलाईचं मशीन आणि अण्णांची जर्मन. पाटावर लाल कापड घालून सगळं मांडायचं, झेंडूच्या माळा, हळदीकुंकू. गिरदावरसाहेबांची विलायतीही त्याच पाटावर असायची. हे कधीपासून सुरू झालं ते मला ठाऊक नाही. त्यांची खरी, दोन नळ्यांची परवान्याची बंदूक होती, ती पोलीस ॲक्शननंतर कचेरीत जमा झाली आणि परत आली नाही. मग ते म्हणाले होते म्हणे, "आता हीच माझी. हिची पूजा करा भाभी, नाहीतर हिला वाईट वाटेल." साहेब सकाळीच बंदूक आणून ठेवायचे, पूजा झाली की संध्याकाळी यायचे, प्रसाद घ्यायचे, आणि दोघं एकेक बार काढायचे.

त्या वर्षी आईला काय वाटलं देव जाणे. दरवर्षी ती नुसतं बोटानं कुंकू लावायची, कारण अण्णांचा दम असायचा, माझ्या बंदुकीला हात लावायचा नाही. पण त्या दिवशी अण्णा शाळेत सरस्वतीच्या पूजेच्या तयारीला गेलेले. आईनं सकाळी मशीन पुसलं, मशीनच्या भोकाभोकांत तेल घातलं, चाक फिरवून बघितलं. मग विलायती हातात घेतली. दुसऱ्याची वस्तू, आपल्या घरी पूजेला आलेली, तिला कोरडं कुंकू कसं लावायचं? तिनं तिळाचं तेल कोमट केलं. दस्त्याला चोळलं, नळीला चोळलं. मग तिला ती तोटी दिसली. तोटी फिरवली तर आत भोक. आता यंत्राला भोक असतं ते कशासाठी असतं? मशीनच्या बाबतीत तरी ते तेलासाठीच असतं. आईनं पळीनं तेल घातलं. ते आत गेलं, तिनं आणखी घातलं. तेही गेलं. किती दिवसांची तहानलेली आहे बिचारी, असं तिला वाटलं. हे तिचेच शब्द, नंतर रडताना सांगितलेले. भोक भरेपर्यंत घातलं, तोटी फिरवून बंद केली आणि झेंडूची माळ घातली. जर्मनला तसलं काही भोक नव्हतं म्हणून ती वाचली.

संध्याकाळी साहेब आले. बंदूक उचलली, तिचा चकचकीतपणा बघून खूश झाले. "आज तो दुल्हन दिसती," म्हणाले. मी पणती टांगली. त्यांनी दांडी ओढली, छर्रा टाकला, नेम धरला, घोडा ओढला.

असा बार झाला म्हणता. आजवर मी त्या बंदुकीचा आवाज टर्रकन कापड फाडल्यासारखा ऐकला होता. हा खऱ्या बंदुकीचा होता. निंबावरचे कावळे उठले. नळीतून निळा धूर आला आणि अंगणभर कढईत तिळाचं तेल जळाल्याचा वास सुटला. पणती जागेवर लोंबत होती, छर्रा कुठं गेला कुणास ठाऊक. साहेबांच्या हातातून बंदूक सुटली नाही, पण ते मागच्या पायरीवर मटकन बसले.

आमचं सगळं लक्ष त्यांच्याकडं. अण्णांनी बंदूक घेतली, दांडी ओढून पाहिली. दांडी सैल लोंबायला लागली. आत स्प्रिंग तुटून तिचे तुकडे खडखड वाजत होते. अण्णांनी नळीच्या मुळाशी बोट लावलं, वास घेतला आणि आईकडं बघितलं. तेल दबलं आणि तापून पेटलं, एवढं त्यांना कळलं. आई भिंतीला टेकून उभी. "मी आपलं... मशीनला घालते तसं..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. अण्णा काही बोलायच्या आधी साहेबच म्हणाले, "भाभी, तिला एवढ्या मायेनं आजपर्यंत कुणी न्हाऊ घातलं न्हवतं. रोना नक्को."

तिथंच सगळं मिटलं असतं. पण तेवढ्यात पुढच्या दारात माणसं जमली. बार सगळ्या गावानं ऐकला होता. पोलीस पाटील आत आले. भला माणूस होता, चपला बाहेर काढून, पाटाला हात जोडून आला.

"मास्तर, बार कुठं झाला ओ?"

अण्णांनी सगळं सांगितलं. तेल, तोटी, स्प्रिंग. पाटलांना ते कितपत कळलं देव जाणे. त्यांनी मान हलवली आणि मग साहेबांकडं वळून खाली बघत विचारलं, "साहेब, तवा जमा केली ती दोननळी एकच होती न्हवं? म्या आपलं इचारलं. उद्या वरनं इचारलं तर म्या काय सांगू?"

साहेब उभे राहिले. शेरवानीची गुंडी लावली. "एकच होती, पाटील."

"मग झालं तर," पाटील म्हणाले, आणि प्रसाद घेऊन गेले. अण्णा भडकले होते. पाटील गेल्यावर कितीतरी वेळ ते तावातावानं बोलत होते, की या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का, तेलाचा वास येत नाही का याला, कुणाला काय विचारावं कळत नाही का. साहेब ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पूछना उसका काम है, मास्तरसाब. पण इतक्या वर्षांनी पूछ लिया." आणि तुटकी बंदूक खांद्याला लावून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायला साहेब आले, सगळ्यांच्या घरी जातात तसे आले आणि उभ्या उभ्या गेले. त्यानंतर संध्याकाळी यायचे ते थांबले. अण्णा चहा घेऊन जर्मन मांडीवर ठेवून बसायचे. रस्त्याकडं बघायचे. मला म्हणाले, "ताप असेल." मी म्हटलं, "ताप कसला, भांडायला बंदूक नाही त्यांच्याकडं. आणि मन उडालंय." अण्णा एकदम उठून आत गेले. मग हैदराबादच्या गाडीचा कंडक्टर उतरून साहेबांच्या घराकडं गेला, आणि परत येताना त्यानं थांब्यावर सहज सांगितलं, की साहेबांचा मुलगा दिवाळीच्या सुट्टीत येणार आहे आणि या खेपेला म्हाताऱ्याला नेल्याशिवाय जाणार नाही.

अण्णा त्याच रविवारी सोलापूरला गेले. साहेबांकडून विलायती मागून आणली होती, ती खोलून तुटलेल्या स्प्रिंगचे तुकडे रुमालात बांधून घेतले होते. आयुष्यात मी अण्णांना कुणाची इतकी मनधरणी करताना पाहिलं नाही, जितकी त्यांनी तिथल्या जुन्या बाजारातल्या दुकानदाराची केली असेल. तशी स्प्रिंग नव्हती. जरा जाड तारेची, दुसऱ्या कुठल्या बंदुकीची होती, ती कापून घेतली. घरी ओट्यावर गोणपाट अंथरून त्यांनी बंदूक पुन्हा खोलली, या वेळी पुरती. आतला वॉशर जळून पापडासारखा झाला होता. जुन्या मोटेच्या चामड्याचा तुकडा भिजवून त्यांनी नवा कापला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला. स्प्रिंग दाबून धरायला मी आणि आई, दोघी दस्त्यावर झुकलेल्या. स्प्रिंग सुटून एकदा पडवीत उडाली आणि पाण्याचा माठ फुटला. आईनं खापऱ्या झाडून घेतल्या आणि परत दस्त्यावर झुकली. तेलाची बाटली मात्र अण्णांनी कपाटात कुलूपबंद करून टाकली.

शेवटी झाली एकदाची. मी बार काढून पाहिला. पणती फुटली. पण दांडी ओढताना माझा खांदा निघायची वेळ आली.

"अण्णा, ही लई ताठ झालीय."

"नवी आहे. बसेल हळूहळू."

"चाचांना ओढेल का?"

 अण्णांनी स्वतः ओढून पाहिली, दोनदा, आणि दोन्ही वेळा ओठ घट्ट मिटून घेतले. मग म्हणाले, "जा, बोलावून आण त्यांना."

साहेब आले. अंगावर तीच शेरवानी, पण ती आता जरा मोठी दिसत होती. अण्णांनी विलायती त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला वाटलं जमलं. आता काही हे जात नाहीत. त्यांनी दस्ता गालाला लावून पाहिला, जाळीवरून अंगठा फिरवला. मग दांडी धरून ओढली.

अर्ध्यावर आली आणि थांबली. त्यांनी दस्ता मांडीला टेकवला आणि पुन्हा जोर लावला. मानेच्या शिरा दिसायला लागल्या. दांडी अर्ध्याच्या पुढं जाईना. मी पुढं झाले. "नक्को बेटी," ते म्हणाले, आणि दांडी सावकाश परत जागेवर नेऊन बसवली. बंदूक मांडीवर आडवी ठेवली. खिशातला रुमाल काढून तिच्यावरचे आपल्या बोटांचे डाग पुसले.

"मास्तरसाब," ते म्हणाले, "तुमची जर्मनच बरी. मान गया."

कितीतरी वर्षं अण्णा हे वाक्य ऐकायला बसले होते. ऐकलं आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मला वाटलं ते काहीतरी मवाळ बोलतील. त्यांना संताप आला.

"काय बोलताय तुम्ही?" ते म्हणाले. "जर्मनमध्ये काय आहे? सांधा ढिला होतो तिचा. होतो म्हणजे काय, झालाय. दोन वर्षांपूर्वीच झालाय, मी कागदाची पट्टी घालून चालवतोय. हिची नळी बघा, एकसंध, जागची हलत नाही. नेम हिचाच. वजन आहे म्हणता, वजन आहे म्हणून तर ती हातात स्थिर राहते, माझी जर्मन वाऱ्यानं हलते. आणि लाकूड बघा. हे अक्रोड आहे, साहेब. माझं खोक्याचं लाकूड आहे. हिला काय तोड आहे?"

ते बोलत राहिले. साहेबांनी इतक्या वर्षांत विलायतीच्या बाजूनं जे जे म्हटलं होतं ते सगळं अण्णांनी एकामागून एक काढलं, त्यांच्याच शब्दांत, मधे मधे दख्खनीसुद्धा. इतकं लक्ष देऊन ऐकत होते ते, हे मला त्या दिवशी कळलं. साहेब मान हलवून ऐकत होते. उलट एक शब्द नाही. अण्णांचे मुद्दे संपत आले तसा त्यांचा आवाज चढत गेला, आणि मग ते एकदम माझ्याकडं वळले.

"तू सांग की गं यांना. पंच आहेस ना तू?"

मी काय सांगणार?  मी म्हटलं, "चाचा, विलायतीच चांगली आहे." मनापासून म्हटलं, आणि पहिल्यांदाच म्हटलं.

"हौ," साहेब म्हणाले. "ये सब मेरेकू मालूम है. मैंच सिखाया मास्तरसाबकू." थोडं हसले. मग अण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरगा दिवाळीला येतोय. या खेपेला त्याला 'नाही' म्हणवत न्हाय."

अण्णांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले.

दिवाळीत मुलगा आला. सभ्य, हळू बोलणारा मुलगा. त्याच्यावर राग काढावा असं त्याच्यात काही सापडेना, म्हणून मला त्याचा आणखीच राग आला. साहेब विलायती माझ्या हवाली करायला निघाले होते. अण्णांनी घेऊ दिली नाही. "तिकडं कुणी जर्मनवाला भेटला तर रिकाम्या हातानं भांडणार का?" म्हणाले. आईनं जुन्या लुगड्याच्या पदरात बंदूक गुंडाळून दिली आणि सीताफळीच्या झाडांना पाणी घालायचं मी कबूल केलं. हैदराबादची गाडी थांबली. अण्णा खिडकीपाशी उभे. गाडी निघेपर्यंत ते एवढंच म्हणत होते, की स्प्रिंग ताणून ठेवून झोपू नका, तिची ताकद जाते, छरे ओलसर जागी ठेवू नका. साहेब हौ, हौ म्हणत होते. छत्री घेतलीत का, हेही अण्णांनी विचारलं.

त्या संध्याकाळी अण्णा नेहमीसारखे ओट्यावर बसले. मांडीवर जर्मन. मी चहा आणून दिला. पोलीस पाटील रस्त्यानं चालले होते, थांबले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, बोलायचं म्हणून बोलले.

"गेलं का साहेब? बरं झालं, लेकाकडं गेलं. मास्तर, मग शेवटाला भारी कंची ठरली म्हणायची?"

अण्णांनी जर्मनची नळी वाकवली, परत सरळ केली.

"ठरलंय कुठं," ते म्हणाले. "वाद चालू आहे आमचा."